ढमालेबाईंचा संघ

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्याच सकाळी शिपाई कोंडिबा धापा टाकत तुळजाबाईंच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मैदानात खळं केलंया."

तुळजाबाई हातातला चहा तसाच ठेवून धावल्या. पौडच्या कन्या ट्रेनिंग कॉलेजच्या मागचं ते मैदान. पाऊस उघडल्यापासून महिनाभर त्यांनी आणि वीसेक मुलींनी मिळून तिथं मुरूम पसरला होता, पाणी मारलं होतं, दगडी रूळ ओढून ओढून तळव्यांना फोड आणले होते. दोन टोकांना दोन सागवानी खांब, त्यांवर फळ्या आणि फळ्यांना लोहाराकडून वाकवून घेतलेली लोखंडी कडी. आता मैदानाच्या मधोमध भाताच्या पेंढ्यांची रास पडली होती आणि चार गडी लाकडी बाकावर पेंढ्या झोडत होते. फक्कीच्या रेघांचा मागमूस उरला नव्हता.

एका बाजूला हैबतराव उभे होते. जमीन त्यांची. कॉलेजच्या स्थानिक समितीचे अध्यक्षही तेच. तुळजाबाईंना पाहून ते मनापासून खूश होऊन म्हणाले, "लई टणक केलंय बगा तुमी. असं खळं उभ्या पौडात न्हाई."

"अहो, हे बास्केटबॉलचं मैदान आहे!"

"व्हय की. पोरींनी खेळावं म्हणूनच दिलंय. पर चेंडू काय, पंधरा दिसांनी बी खेळता येतोय. भात थांबतंय व्हय?"

त्या स्वतः मुळशीतल्याच, कोळवणच्या बाजूच्या. भात थांबत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्याचाच जास्त राग आला.

ही गोष्ट बावन्न सालची. तुळजाबाई ढमाले तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा लढाईवर गेला तो परत आला नाही. सैनिकांच्या विधवांसाठी काही सोय निघाली, तीतून त्या पुण्याला शिकायला गेल्या आणि तिथल्या एका आवारात पहिल्यांदा त्यांच्या हातात तो जड तपकिरी चेंडू आला. पहिल्या दिवशी त्यांनी तो कड्यात टाकायचा प्रयत्न केला तेव्हा तो फळीलासुद्धा लागला नाही. महिनाभराने दहातले सहा पडू लागले. लग्न झाल्यापासून कुणी आपल्याला पळू दिलं नव्हतं, हे त्यांना पळायला लागल्यावर कळलं. शारीरिक शिक्षणाचा दाखला घेऊन त्या एकावन्नच्या जूनमध्ये पौडला रुजू झाल्या, त्या एकच बेत मनात धरून. मुळशीतल्या मुलींचा संघ उभा करायचा आणि पुण्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत उतरवायचा.

बेत साधा होता. अडचणीही साध्याच होत्या, पण त्या दर वर्षी नव्याने उभ्या राहायच्या. जूनपासून सप्टेंबरअखेर पाऊस. मैदान म्हणजे नुसता चिखल. ऑक्टोबरात मैदान करावं तर नोव्हेंबरात खळं. खळं उठलं की पेंढ्याच्या काड्या वेचायच्या, पडलेले खड्डे पुन्हा भरायचे, पुन्हा रूळ. खेळायला म्हणून मिळायचा तो डिसेंबर. त्यात प्राचार्या लिमयेबाई बोलावून घ्यायच्या.

लिमयेबाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांना संमेलनात लेझीम हवं असायचं. "ढमालेबाई, पाहुण्यांना लेझीम कळतं. तुमच्या त्या खेळात कोण जिंकतंय तेच समजत नाही."

"गुण फळ्यावर लिहिलेले असतात, बाई."

"असतील. पण लेझीम बसवा."

त्या लेझीम बसवायच्या. एक-दोन-तीन-चार म्हणताना त्यांची नजर खिडकीतून मागच्या रिकाम्या कड्यांकडे जायची.

सगळ्यांत मोठं दुखणं वेगळंच होतं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आंबवणे, माले, ताम्हिणी अशा आडगावांहून सातवी झालेल्या मुली यायच्या. पहिलं वर्ष त्यांना चेंडूची भीती घालवण्यात जायचं. चेंडू अंगावर आला की त्या तोंडावर पदर घेऊन वळायच्या. दुसऱ्या वर्षी कुठं त्यांचे हात मोकळे व्हायचे, न बघता पास जाऊ लागायचा, आणि तेवढ्यात एप्रिल यायचा. मुली शिक्षिका होऊन आपापल्या वाटेने निघून जायच्या. जूनमध्ये पुन्हा पदर घेणाऱ्या वीस मुली.

आणि ज्या स्पर्धेसाठी हा खटाटोप, तिचा दरवाजा बंदच. बावन्न सालीच तुळजाबाईंनी प्रवेशासाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, आपली संस्था विद्यापीठाशी संलग्न नसल्याने संघास प्रवेश देता येत नाही. त्यांनी पुढच्या वर्षी जास्त सविस्तर अर्ज केला. तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी त्या स्वतः पुण्याला जाऊन स्पर्धेच्या चिटणिसांना भेटल्या. चिटणीस सज्जन गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "आपली तळमळ कळते हो. पण नियम आहे." अशी नऊ वर्षं गेली. नऊ पत्रं आली. शेवटी शेवटी तुळजाबाई पाकीट न फोडताच टेबलाच्या खणात टाकत.

अठ्ठावन्न साली मात्र एक गंमत झाली. पुण्याच्या एका कॉलेजच्या मुली सहलीला पौडला आल्या, त्यांच्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या सातआठ जणी होत्या. मागे कडी बघून त्यांना हसू फुटलं. तुळजाबाई म्हणाल्या, "खेळता का अर्धा तास?" त्या खेळल्या, आणि लुगड्यांचे काचे मारलेल्या पौडच्या मुलींनी त्यांना चौदा गुणांनी हरवलं. बरोबर आलेल्या क्रीडाशिक्षिका जाताना तुळजाबाईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी बोलेन." तुळजाबाईंनी मान हलवली. असं बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

पण त्या बाई खरंच बोलल्या असाव्यात. एकसष्टच्या जूनमध्ये पत्र आलं. ट्रेनिंग कॉलेजांना निमंत्रित संघ म्हणून प्रवेश देण्याचं ठरलं होतं. तुळजाबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं, मग लिमयेबाईंना वाचायला दिलं, मग कोंडिबाला वाचून दाखवलं.

जुलैत पानशेत फुटलं. पुणं चिखलात गेलं, त्या वर्षी कसली स्पर्धा आणि कसलं काय. बासष्टला सगळी तयारी झाली आणि ऑक्टोबरात चीनची लढाई सुरू झाली. स्पर्धा रद्द. हैबतरावांनी मैदानात कवायत लावली. स्वतःचा नवरा लढाईत गेलेला, तुळजाबाईंनी मैदान मोकळं करून दिलं. पण त्या दोन वर्षांत दोन चांगले संघ आले आणि एकही सामना न खेळता गेले. ते त्या कुणाजवळ बोलूनही दाखवू शकत नव्हत्या. माणसं वाहून गेली, माणसं मारली गेली, आणि ह्यांना चेंडूचं पडलंय, असं कुणीही म्हटलं असतं.

मग उजाडलं त्रेसष्ट.

त्या वर्षीच्या संघात दोघी जणी अशा होत्या की तुळजाबाईंना त्यांच्याकडे बघून धडकी भरायची, ह्यांचंही फुकट जातं की काय म्हणून. एक गोजरा मोहोळ. उंच, खांद्याने रुंद, कड्याखाली उभी राहिली की तिच्या डोक्यावरून चेंडू नेणं कठीण. दुसरी परवीन आतार, पौडच्या बाजारपेठेतल्या अलाउद्दीन आतारांची मुलगी. लहानखुरी, पण पायात भिंगरी, आणि मैदानातल्या दहाही जणी कुठं आहेत ते तिला न बघता कळायचं. तुळजाबाईंनी तिला कप्तान केलं. गणवेश म्हणून पांढरे पायजमे आणि सदरे ठरले तेव्हा समितीत कुरकुर झाली. अलाउद्दीनभाई दुकान बंद करून कॉलेजात आले आणि हैबतरावांसमोर म्हणाले, "माझी पोरगी रोज हेच घालतीया. तिला चालतंय तर बाकीच्यांना काय झालं?" हैबतराव हसले. विषय मिटला. सदऱ्यांवरचे आकडे परवीननेच शिवले.

डिसेंबरात संघ एसटीने पुण्याला गेला. मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तुळजाबाई थबकल्या. मैदान सिमेंटचं होतं. शिकताना त्या मातीवर खेळल्या होत्या, आणि चिटणिसांच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले पण मैदान बघायला कधी फिरकल्या नव्हत्या. पौडच्या मुली अनवाणी खेळायच्या. सिमेंटवर चेंडू वीतभर जास्त उसळत होता.

पहिला सामना कसाबसा पाच गुणांनी निघाला. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी, समोर शहरातलं नावाजलेलं कॉलेज. मुलींचे तळवे आदल्या दिवशीच सोलवटले होते. परवीनने सगळ्यांच्या पायांना खोबरेल चोळलं, तर तुळजाबाई ओरडल्या, "पुसा ते आधी! घसरून पडाल!" आपण उगीच ओरडलो हे त्यांना कळत होतं, पण आवाज खाली येईना.

सुरुवातीला चौदा-तीन असा मागे पडला संघ. पंच सारखे शिट्टी वाजवून चेंडू धरून जास्त पावलं टाकली म्हणून तो काढून घेत होते. मध्यंतरात तुळजाबाईंनी मुलींना जवळ घेतलं. "चेंडू हातात धरून ठेवू नका. आला की दिला. परवीन, तू पळ. गोजरा, तू फक्त कड्याखाली राहा."

उत्तरार्धात काहीतरी जमून आलं. चेंडू जमिनीला टेकेचना. ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून गोजराकडे, आणि गोजरा तो फळीला हलकेच लावायची. बघ्यांत हळूहळू कुजबुज सुरू झाली. कुठलं कॉलेज? पौड? पौड कुठं आलं? शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा फळ्यावर एकोणतीस-अठ्ठावीस होते. पौड पुढे.

तेव्हाच समोरची मुलगी कड्याखाली घुसली, गोजराने हात वर केले, चेंडू बाहेर उडाला आणि शिट्टी वाजली. गोजराचा पाचवा फाउल. ती बाद, आणि त्यांना दोन मुक्त फेक.

पुढचं तुळजाबाईंना नीट आठवत नसे. आपण बाकावरून कधी उठलो, रेघ कधी ओलांडली, काही कळलं नाही. त्या पंचांच्या पुढ्यात उभ्या होत्या आणि बारा वर्षं कॉलेजात जपून वापरलेली भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"कुटं लागला हात? दावा की! अकरा वर्सं दारात उभं केलंत आमाला, आता आत आलोय तर शिट्ट्या वाजवून हाकलताय व्हय?"

"बाई, बाहेर जा," पंच म्हणाले.

"न्हाई जात!"

पंचांनी दुसऱ्यांदा शिट्टी वाजवली आणि दोन हातांनी खूण केली. मार्गदर्शिकेचा तांत्रिक फाउल. आणखी एक मुक्त फेक.

त्या मुलीने पहिला चेंडू टाकला, तो कड्यावरून बाहेर गेला. दुसरा आत पडला. एकोणतीस-एकोणतीस. मग तुळजाबाईंच्या फाउलचा तिसरा. तो जाळीला न लागता सरळ खाली आला.

उरलेल्या वेळात परवीनने लांबून एक फेकला, तो फळीवर आदळून परतला. सामना संपला.

परतीची एसटी निघाली. गोजरा खिडकीला डोकं टेकून मुसमुसत होती. बावधनच्या पुढं घाट चढताना तुळजाबाई म्हणाल्या, "रडू नकोस. तुझा दोष नाही. पंचाने लबाडी केली."

शेजारी बसलेली परवीन आपली नखं खरवडत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, हात लागला हुता."

"काय?"

"गोजराचा. तिच्या मनगटावर बसला. मी जवळच हुते. रागावू नका. पर पंच खरं बोलला."

तुळजाबाईंनी गोजराकडे पाहिलं. गोजराने मान वर केली नाही, नाहीही म्हटलं नाही. पिरंगुट गेलं, पौड आलं, मुली उतरल्या. तुळजाबाई सगळ्यांच्या मागे उतरल्या आणि आपल्या खोलीकडे न जाता सरळ नदीकडे चालत गेल्या. बारा वर्षं त्या दुसऱ्यांवर चिडत आल्या होत्या. हैबतरावांवर, लिमयेबाईंवर, चिटणिसांवर, पावसावर. स्वतःवर चिडायची सवय नव्हती, आणि तो राग कुठं ठेवायचा ते कळेना. मुलींनी सामना ओढून आणला होता. गोजरा गेली असती तरी बरोबरी झाली असती, आणि पुढं कुणास ठाऊक. तो एक गुण ना पंचाचा, ना पुण्याच्या मुलींचा. तो त्यांनी स्वतः आपल्या हाताने देऊन टाकला होता.

महिन्याभरात पत्र आलं. मार्गदर्शिकेच्या गैरवर्तनामुळे पौडच्या संघाला दोन वर्षं प्रवेशबंदी. त्यानंतरही लेखी माफी मिळाल्याशिवाय विचार होणार नाही.

"लिहून टाका," लिमयेबाई म्हणाल्या. "दोन ओळींचं काम."

"नाही लिहायची मी."

"चूक तुमची होती, ढमालेबाई."

"म्हणूनच नाही लिहायची," तुळजाबाई म्हणाल्या, आणि त्याचा अर्थ काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौसष्ट गेलं, पासष्ट गेलं. गोजरा माल्याला शिक्षिका झाली. परवीनला पौडच्याच मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शाळा सुटली की ती कॉलेजच्या मैदानावर यायची, नव्या मुलींना पास शिकवायची. तुळजाबाई काठावर उभ्या राहून सूचना ओरडायच्या, आणि मुली आधी परवीनकडे बघायच्या. त्यांच्या ते लक्षात येत होतं. त्या घरी जाऊन भांडी आपटायच्या.

सहासष्टच्या ऑगस्टमध्ये, पाऊस झोडपत असताना, परवीन छत्री मिटत त्यांच्या दारात आली.

"बाई, औंदाच्या पोरी चांगल्या हायेत."

"दिसतंय मला."

"एप्रिलात जातील."

"तेही ठाऊक आहे. तू मला शिकवायला आलीस?"

"व्हय," परवीन म्हणाली. "आमी एका गुणानं हरलो, त्याचं काय न्हाई. पर माझ्या मागच्या दोन बॅचा हरल्या बी न्हाईत. त्यांना हरायला तरी मिळायला पायजे हुतं."

तुळजाबाईंचा चेहरा लाल झाला. "जा तू घरी," त्या म्हणाल्या. परवीन गेली. त्यांनी दार लावलं, चूल पेटवली, विझवली. मग कागद घेतला. पहिल्या कागदावर त्यांनी सिमेंटच्या मैदानाबद्दल लिहिलं, नऊ वर्षांच्या नऊ नकारांबद्दल लिहिलं, आणि तो फाडला. दुसऱ्यावर तीन वाक्यं लिहिली. पंचांचा निर्णय बरोबर होता. माझं वागणं चूक होतं. मुलींचा त्यात काही दोष नाही. खाली सही केली आणि पावसातच जाऊन टपालात टाकलं.

उत्तर लवकर आलं. माफी मान्य, प्रवेश मान्य. मात्र या वर्षी सदर मार्गदर्शिकेने संघाबरोबर मैदानात उपस्थित राहू नये.

लिमयेबाईंना वाटलं, आता ह्या पुन्हा भडकणार. पण तुळजाबाई फक्त म्हणाल्या, "परवीन जाईल." आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींना पहाटे साडेपाचला उठवून कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या फरशीच्या व्हरांड्यात चेंडू आपटायला लावलं, टणक जमिनीची सवय व्हावी म्हणून. खालच्या वर्गाच्या छतातून माती पडायला लागली तेव्हा लिमयेबाईंनी तक्रार केली. तुळजाबाईंनी ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा तेच. समितीकडे अर्ज करून त्यांनी मुलींना कॅनव्हासचे बूटही मिळवले. हैबतरावांनी त्यावर सही केली, आणि खळं मात्र ठरल्या वेळी घातलं.

स्पर्धेचे तीन दिवस तुळजाबाई पौडमध्ये होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी खोली झाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडली. तिसऱ्या दिवशी दुपारपासून त्या एसटीच्या थांब्यावर जाऊन बसल्या. दोन गाड्या आल्या, त्यांत मुली नव्हत्या. तिसरी आली.

मुली एकदमच बोलायला लागल्या. अंतिम सामन्यापर्यंत गेलो, बाई. हरलो. सहा गुणांनी. पर उपांत्य जिंकलो, त्याच कॉलेजला हरवलं! एकीच्या हातात उपविजेत्यांची छोटी ढाल होती. परवीनचा घसा बसला होता.

"थांबा," तुळजाबाई म्हणाल्या. "एकेकीने सांगा. पहिल्यापासून. मध्यंतराला किती होते?"

"बारा-अकरा."

"कोण पुढं?"

"आमी."

"मग हरलात कशा?"

"त्यांनी परवीनताईंनी सांगितलेला बचाव ओळखला," एक मुलगी म्हणाली.

"मग बदलला का नाही?" तुळजाबाई परवीनकडे वळल्या. "मध्यंतराला कळलं नाही तुला? दोघी उंच आहेत ना त्यांच्या? एकीला कड्याखाली ठेवून..."

"बाई, बदलला हुता. तरी बी हरलो."

"कसा बदललास? दाखव."

थांब्यावरची माणसं बघत होती. परवीनने पिशवी खाली ठेवली, पाच मुलींना रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि कोण कुठं होती ते दाखवू लागली. तुळजाबाईंना ते पटेना. त्यांनी एकीला खांद्याला धरून दोन पावलं मागे सरकवलं. परवीन म्हणाली, तितं उभी ऱ्हाईली तर डावी बाजू उघडी पडतीया. तुळजाबाई म्हणाल्या, पडू दे, तिकडून त्यांना फेकता येत नाही. परवीन म्हणाली, तुमी बघितलंय का त्यांना खेळताना?

तुळजाबाईंचा हात त्या मुलीच्या खांद्यावरच राहिला. खरंच बघितलं नव्हतं. त्या मैदानावरचा त्यांच्या मुलींचा सगळ्यात चांगला खेळ त्यांनी बघितलाच नव्हता, आणि ही मुलगी पुढल्या एप्रिलात जाणार होती, ती जाणार होती, ती ढाल धरलेलीही जाणार होती.

"नाही बघितलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय. पुन्हा सांग, सावकाश. डावीकडे कोण होती?"